बीसीएम बदलल्यानंतरचे काही महिने: पार्ट चांगला, पण त्यात काय भरलंय ते बघून घ्या

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, गाडीचे वायपर, लाइट, लॉक सांभाळणारा छोटा कंप्युटर. माझ्या गाडीत तो नवा बसवला त्याला हिवाळा आणि अर्धा उन्हाळा झाला. गाडी व्यवस्थित चालते आहे. पार्टबद्दल माझी तक्रार नाही. ते बदलण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि मोठी आहे. पावसाळ्यात पाच-सहा वर्षं जुन्या गाड्यांचे वायपर, लॉक मनाला येईल तसे वागायला लागले आणि बॅटरी उतरायला लागली की पहिला उपाय म्हणून बॅटरी गळ्यात मारतात. माझ्याही मारली. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांचे पैसे वाचावेत म्हणून लिहितोय.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, टॉप व्हेरिअंट, पाचवं वर्ष. जुलैच्या झडीत नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला वायपर काचेच्या मध्यावरच थांबला आणि थोड्या वेळाने आपणहून चालू झाला. मग रात्री उभ्या गाडीचं सेंट्रल लॉक कट-कट वाजायला लागलं, हॅझर्ड लाइट आपोआप लागायचे. सकाळी बॅटरी डाऊन. सर्व्हिस सेंटरमध्ये नेली तर सल्लागाराने बॉनेट उघडलं, बॅटरीवरची तारीख वाचली आणि म्हणाला, "सर, बॅटरीचं लाइफ संपलंय." ५,४०० रुपये दिले. आठवडा जायच्या आत नवीन बॅटरीही मेली.

खरं निदान केलं द्वारकेजवळच्या एका इलेक्ट्रिशियनने. त्याचं काम बघण्यासारखं होतं. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याने दाराच्या कडीत स्क्रू-ड्रायव्हर घालून ती बंद केली, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय आणि फ्यूज बॉक्स मात्र हाताशी राहतो. गाडी रिमोटने लॉक केली, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर लावलं आणि चहा घ्यायला निघून गेला. अर्ध्या तासाने गाडीतली सगळी मॉड्यूल झोपायला हवीत आणि करंट ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. मीटर दाखवत होतं ४०० च्या आसपास. "दादा, बॅटरी बिचारी काय करणार, रात्रभर हिला कोणीतरी पितंय," असं म्हणत त्याने एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. बीसीएमचा फ्यूज निघाला आणि आकडा धपकन खाली आला.

हिशोब सोपा आहे. ०.४ अँपिअर सतत गेला तर दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास जातात. छोट्या हॅचबॅकची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू होणारच नाही, बॅटरी कितीही नवी असो. हे मोजायला हजारो रुपयांचं मशीन लागत नाही. मग अधिकृत सेंटरमध्ये हे कोणालाच का सुचलं नाही?

स्कॅनर लावला तेव्हा यू०१४० हा कोड आला, म्हणजे बाकीच्या मॉड्यूलना बीसीएमशी बोलता येत नाहीये. एवढ्यावर पार्ट बदलायचा नसतो. वायरिंग तुटलं असलं किंवा अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडलेली) वायर ढिली असली तरी हाच कोड येतो. म्हणून त्याने बॅटरीची वायर काढून स्कॅनर जिथे लावतात त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला. मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरजोडीच्या, म्हणजे कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे लाइन ठीक असेल तर मीटरवर ६० दिसतात. ६० दिसले. अर्थची वायरही कडक होती. मग डॅशबोर्डखालून बीसीएमचे कनेक्टर काढले. एका कनेक्टरच्या कडेच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, आणि वायरिंगवरून बोट फिरवलं तर बोट ओलं.

पाणी कुठून आलं? पाथर्डी फाट्याच्या आमच्या गल्लीत गाडी चिंचेखाली असते. समोरच्या काचेखाली जाळीचं प्लॅस्टिक असतं, त्याखालच्या पन्हाळीचं पाणी दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली जातं. चिंचेची पानं इतकी बारीक की जाळीतून सरळ आत पडतात आणि त्या भोकांत त्यांचा लगदा होतो. पन्हाळ भरली की पाणी वायरिंगच्या रबरी बुशातून आत शिरतं आणि वायरवरून ओघळत थेट कनेक्टरवर. दर सर्व्हिसिंगला बिलात "जनरल चेकअप" लावतात. त्यात ही जाळी एकदाही उचलली गेली नव्हती.

वाढीव वॉरंटी होती. ती नाकारली, कारण काय तर "गाडी पुराच्या पाण्यात गेली." गोदावरीचा पूर पाथर्डी फाट्याला येत नाही. मी त्यांच्यासमोर कार्पेट उचलायला लावलं. खाली गाळ नाही, सीटच्या रुळांना गंज नाही. बरीच हुज्जत झाल्यावर वॉरंटी नाहीच, पण मॉड्यूलच्या किमतीत "गुडविल" म्हणून काही सूट मिळाली. तरी मॉड्यूल, प्रोग्रामिंग, लेबर आणि लेबरवरचा १८ टक्के जीएसटी मिळून साडेचौदा हजारांच्या वर गेलं.

आता मुख्य मुद्दा. माझ्या गाडीत फॉलो-मी-होम आहे. गाडी बंद करून लाइटचा दांडा ओढला की हेडलाइट ३० सेकंद चालू राहतात. आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा बंदच असतो आणि घराला सात उंच पायऱ्या आहेत. आईला रात्री कमी दिसतं. या ३० सेकंदांत ती हाताला न धरता वर जाते. टॉप व्हेरिअंटला जे जास्तीचे पैसे दिले त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. टचस्क्रीन वगैरे नसतं तरी चाललं असतं.

नव्या बीसीएमवर हे बंद. गाडी बंद केली की अंधार. लॉक केल्यावर आरसे मिटायचे तेही बंद, आणि वेग घेतल्यावर दारं आपोआप लॉक व्हायची तीही नाहीत. सेंटरमध्ये सांगितलं तर उत्तर आलं, "सर, तुमच्या व्हेरिअंटला ते येतच नाही." गाडीच्या पुस्तिकेतलं पान उघडून समोर ठेवलं. मग म्हणाले, सॉफ्टवेअर अपडेटमध्ये कंपनीने काढलं असेल.

तसं काही नव्हतं. नवं बीसीएम कोरं येतं. त्यात चेसिस नंबर, ईसीयूशी (इंजिनच्या कंप्युटरशी) जुळणारा इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा डेटा, चाव्यांची ओळख आणि व्हेरिअंटचं कोडिंग भरावं लागतं. माझ्या गाडीत बेस आणि टॉप दोन्हींना एकच मॉड्यूल लागतं. कोणत्या सोयी चालू राहणार हे कोडिंग ठरवतं. त्यांनी खालच्या व्हेरिअंटचं कोडिंग भरलं होतं. गाडी सुरू झाली, इंडिकेटर लागले, म्हणजे काम झालं असं धरून गेटपास दिला. दुरुस्त करायचं तर प्रोग्रामिंगचे पुन्हा पैसे मागितले. मी दिले नाहीत. वर्क्स मॅनेजरच्या केबिनबाहेर बसून राहिलो. शेवटी एक तरुण टेक्निशियन लॅपटॉप घेऊन आला. व्होल्टेज मध्येच पडलं तर मॉड्यूल अर्धवट भरून निकामी होतं, म्हणून त्याने आधी बॅटरीला चार्जर जोडला आणि योग्य कोडिंग भरलं. चहा गार व्हायच्या आत काम झालं. पोरगा हुशार होता, पहिल्या दिवशी गाडी त्याच्याच हातात द्यायला हवी होती. त्या रात्री आई पायऱ्या चढेपर्यंत हेडलाइट चालू होते आणि मला साडेचौदा हजारांचं दुःख निम्मं तरी विसरायला झालं.

इथपर्यंतचं दिवाळीनंतर लिहून ठेवलं होतं. तेव्हा पुढे लिहिलं होतं की कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून बीसीएम आणा आणि दहा हजार वाचवा. आता मी तसं सांगणार नाही. ओझरच्या एका मित्राने आणलं. दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर आणि इमोबिलायझर डेटा त्यात असल्यामुळे त्याची चावी गाडीने ओळखलीच नाही. नंतर एकाने जुन्या बोर्डवरची मेमरी चिप वाचून तिचा डेटा या बोर्डवर चढवला, तेव्हा गाडी सुरू झाली. तसं केलं तर मूळ कोडिंगही जसंच्या तसं राहतं, हा मोठा फायदा. पण जुनी चिप वाचता आली पाहिजे आणि करणारा खात्रीचा पाहिजे. बोर्डवरचा एखादा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) चिकटला असेल, म्हणजे फक्त इंडिकेटर किंवा फक्त वायपर बिघडला असेल, तर नवं बीसीएम घेऊच नका, रिले बदलून घ्या. पाण्याने बोर्ड खाल्ला असेल तर मात्र नवंच. साफ करून चालवलेला बोर्ड पुढच्या पावसात कसारा घाटात दगा देईल, आणि तिथे वायपर बंद पडणं मला परवडणार नाही.

बदलायला देताना गाडीच्या सगळ्या चाव्या घेऊन जा. मी एकच दिली होती. दुसरी चावी आता दार उघडते पण इंजिन सुरू करत नाही, आणि तिच्या पेअरिंगचे वेगळे पैसे सांगतायत. जुनं मॉड्यूल परत मागून घ्या. पैसे देण्याआधी पुस्तिका हातात धरून प्रत्येक सोय सल्लागारासमोर चालवून बघा, आरशांपासून मागच्या वायपरपर्यंत. जाळी मी आता स्वतःच उचलतो. चार क्लिपा आहेत, दहा मिनिटांचं काम. मागच्या रविवारीही मूठभर चिंचेची पानं निघाली.

करंट परवा पुन्हा मोजला, २५ मिलिअँपिअरच्या आत आहे. गाडी तीन-तीन दिवस उभी राहूनही पहिल्या सेल्फला सुरू होते.

बॅटरीचे ५,४०० अजून अडकलेत. जुन्या बॅटरीची लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) न करता ती बदलायला लावली, त्यामुळे ते पैसे मी सोडणार नाही. लेखी मेल केलाय, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद केलीय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस कुठेही असो, नाशिक सोडावं लागणार नाही. या महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर अर्ज टाकतोय.