गुहागरच्या खाऱ्या हवेत जुनी स्कोडा सुपर्ब: वर्षभराच्या वापरानंतर

तिसऱ्या पिढीची, दोन लिटर डिझेल इंजिनाची, २०१७ साली पुण्यात नोंदवलेली सुपर्ब मी दुसरा मालक म्हणून घेतली, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि कामानिमित्त चिपळूण, रत्नागिरी, कराड अशी सततची ये-जा. या वापरानंतर माझे मत ठाम झाले आहे की, कोकण किनाऱ्यावर जुनी आलिशान गाडी घेताना ती किती किलोमीटर धावली यापेक्षा कोणत्या पाण्यातून आणि कोणत्या हवेतून आली, हे आधी पाहावे. महामार्गावर लाखभर किलोमीटर धावलेली आणि वेळेवर तेल बदललेली गाडी मी निर्धास्तपणे घेईन. बंदराजवळ उघड्यावर उभी राहिलेली, कमी धावलेली गाडी मात्र घेणार नाही.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे फार गांभीर्याने घ्यायला हवा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगलीकडेही महापूर होता, आणि त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्येही त्या भागाने तेच पाहिले होते. पुरात सापडलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विक्रीला येऊ शकतात. शोधाशोध करताना मला दाखवलेल्या एका चकचकीत गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर आतल्या पट्ट्यावर मातीची स्पष्ट रेघ दिसली, आणि मी तिथूनच परतलो. म्हणून सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहावा, डिकीतले स्टेपनीचे चाक उचलून खालचा खळगा हाताने चाचपावा, पुढच्या सीटच्या रुळांवरचे बोल्ट गंजलेत का ते बॅटरीच्या उजेडात बघावे आणि कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्यावा. अशा गाडीत विजेच्या जोडण्या आणि नियंत्रक सीटखाली, कार्पेटखाली असतात. तिथे एकदा गाळाचे पाणी शिरले की बिघाड महिनोन्महिने पाठ सोडत नाहीत. नोंदणी क्रमांकावरून विम्याचे जुने दावे विचारून घेतले की बरेचसे चित्र स्वच्छ होते.

कागदपत्रांचे काम त्यामानाने सरळ आहे. पुण्याची एमएच-१२ ची गाडी रत्नागिरीच्या एमएच-०८ मध्ये आणताना पुण्याच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणि मालकी बदलाचे नमुना २९ व ३० लागतात. राज्य तेच असल्याने एकरकमी भरलेला रस्ता कर पुन्हा द्यावा लागत नाही आणि क्रमांकही तोच राहतो. आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा नमुना ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्त्याचा अंदाज बांधताना तो धरू नये.

आता चालवण्याविषयी. १७७ पीएस शक्ती आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क हे आकडे कागदावर वाचण्यापेक्षा कुंभार्लीच्या चढावर उसाच्या ट्रकमागून बाहेर पडताना जास्त नीट कळतात. गिअरबॉक्स सहा वेगांचा, दोन क्लचचा ऑटोमॅटिक असून त्याचे दोन्ही क्लच तेलात असतात, त्यामुळे घाटात रांगेत सरकताना ते अधिक टिकाव धरतात. मात्र त्याचे तेल साधारण दर साठ हजार किलोमीटरला बदललेच पाहिजे, आणि त्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. घाट उतरताना मी गिअर हाताने खाली ठेवतो, म्हणजे ब्रेकवर सगळा भार येत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडीच्या जुळ्या बोगद्यांमुळे जुन्या घाटाची वळणे टळतात, आणि चौपदरी झालेल्या पट्ट्यात ही गाडी इतकी शांत आणि स्थिर चालते की चार तासांनंतरही पाठ कुरकुरत नाही. अशा मोकळ्या रस्त्यावर लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर मिळतात. मागच्या सीटवरची पायांची जागा खरोखर ऐसपैस आहे. पण सीट जमिनीलगत असल्याने आईला उतरताना गुडघ्यांना त्रास होतो. ज्यांच्या घरी वयस्क माणसे आहेत त्यांनी त्यांना बसवून-उतरवून पाहिल्याशिवाय सेडान ठरवू नये. डिकी ६२५ लिटरची आहे आणि झाकण काचेसकट वर उघडते, त्यामुळे हंगामात आंब्याच्या पेट्या सहज आत सरकवता येतात.

खरी परीक्षा फेरीबोटीवर होते. धोपावे-दाभोळ आणि तवसाळ-जयगड या दोन्ही फेऱ्या आमच्या रोजच्या व्यवहारातल्या, आणि त्या टाळल्या तर लांबचा वळसा पडतो. दोन्ही आसांमधले अंतर २८४१ मिलिमीटर आणि त्यात गाडी बुटकी, त्यामुळे ओहोटीला रॅम्पचा उतार तीव्र झाला की गाडीचे पोट मधोमध टेकण्याची भीती असते. मी भरतीची वेळ पाहून निघतो, बोटीवरच्या माणसांना आधी सांगतो आणि जागा असेल तेव्हा गाडी थोडी तिरकी घेऊन हळू चढवतो. गावातल्या उंच गतिरोधकांवरही हीच रीत उपयोगी पडते.

मिठाची हवा हे किनाऱ्यावरचे कायमचे दुखणे आहे. वरचा पत्रा आणि रंग चांगले टिकतात, पण ब्रेकच्या चकत्या, खालचे बोल्ट, बॅटरीची टोके आणि एसीच्या कंडेन्सरच्या बारीक पाती यांना खारा दमट वारा खातो, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो. पुळणीवर गाडी नेणे मी पूर्णपणे टाळतो. विहिरीच्या गोड्या पाण्याने दर आठवड्याला गाडीचा तळ धुतो, आणि धुतल्यावर ब्रेक ओले असतानाच गाडी उभी न करता थोडी फिरवून आणतो. आगोटीच्या दिवसांत तळाला संरक्षक लेप देताना पाणी निचरण्याची भोके बुजणार नाहीत, यासाठी स्वतः उभे राहून काम करून घ्यावे. ती बुजली तर लेपाने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होते. पुढच्या काचेखालच्या खाचेत साचलेली आंब्या-फणसाची पाने पावसाआधी काढावीत, नाहीतर पाणी तुंबून आत उतरते. माडाखाली गाडी उभी करू नये, हे कोकणी माणसाला सांगायला नको, पण शहरातून आलेल्या पाहुण्यांना मी ते आवर्जून सांगतो.

खर्चाची बाजू अशी की, गाडी जुनी झाल्यावर किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना वरच्या मॉडेलची शोरूम किंमत तीस लाखांच्या जवळपास होती, आणि टायर, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), ब्रेक हे सगळे त्याच पातळीवरच्या दराने येते. आमच्या रस्त्यांवर बुश लवकर झिजतात. साधी तेलबदली आणि ब्रेकची कामे चिपळूणच्या एका अनुभवी मेकॅनिककडे होतात. संगणकावर तपासणी लागली तर घाट चढून जावे लागते आणि त्यात पूर्ण दिवस जातो. खरेदीच्या रकमेखेरीज तिचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवला असेल, तरच या वाटेला जावे. मी तो ठेवला होता आणि पहिल्याच वर्षी टायर, बुश आणि गिअरबॉक्सचे तेल यांत त्यातला बराच भाग गेला. उरलेली रक्कम टायमिंग बेल्ट आणि पाण्याच्या पंपासाठी राखून आहे. ती दोन्ही कामे पावसाळ्यापूर्वी एकदमच करून घेणार आहे, कारण बेल्ट काढल्यावर पंप तसाच ठेवला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.