मॅक्सम्युलर, अलायन्स, सर्वांतेस की जपान फाउंडेशन? दिल्लीतली महिन्याची एक संध्याकाळ

मावसबहिणीची मुलगी गेल्या महिन्यात दिल्लीत आली, करोल बागेत रूम, तिथेच स्पर्धा परीक्षेचा क्लास, डबा पण लागला, सगळं सेट, आणि आठव्या दिवशी फोन. मावशी, संध्याकाळी रूम खायला उठते गं, इथे ती फॉरेनवाल्यांची कल्चरल सेंटर्स आहेत ना, त्यातलं कुठलं चांगलं? सगळीच चांगली असं सांगून काही उपयोग नसतो कारण तिच्याकडे महिन्यातून एक, फार तर दोन संध्याकाळी मोकळ्या, आणि चारही ठिकाणची (जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी) मेल लावून घेतली की एकाही ठिकाणी जाणं होत नाही, हे मी स्वतः दोन वर्षं करून बघितलंय. मग तिला जे तासभर फोनवर सांगितलं तेच इथे लिहितेय, तिच्यासारखे अजून बरेच असतील.

आधी एक घोळ निस्तरून टाकू. जर्मनांचं गोएथे इन्स्टिट्यूट म्हणजेच आपलं मॅक्सम्युलर भवन, पुण्यात बोट क्लब रोडला आहे त्याचंच भावंड. दिल्लीत ते कस्तुरबा गांधी मार्गावर ३ नंबरला आहे, म्हणजे कनॉट प्लेसच्या तोंडाशीच. पण दिल्लीत मॅक्सम्युलर मार्ग नावाचा रस्ताही आहे आणि तो भलतीकडे, लोधी गार्डनला लागून, आणि त्यावर आहे इंडिया इंटरनॅशनल सेंटर. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा रिक्षावाल्याला नुसतं मॅक्सम्युलर म्हटलं, त्याने बरोबर त्या मार्गावर नेऊन सोडलं, जर्मन फिल्म राहिली बाजूला आणि मी पाच मिनिटं चालत फ्रेंचांच्या अलायन्स फ्राँसेजच्या गेटवर पोचले, तिथे फोटोंचं प्रदर्शन चालू होतं ते बघून घरी आले. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय तो माणूस, संस्कृतचा जर्मन पंडित मॅक्सम्युलर, आयुष्यात कधी भारतात आलाच नाही. पण आपल्या लोकांनी त्याच्याबद्दल तक्रार करायची नाही हं, लोकमान्य १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात आत गेले तेव्हा त्यांना सोडा म्हणून विलायतेत जो अर्ज झाला त्यावर याची सही होती, आणि १८९८ मध्ये टिळक सुटले.

आता तुलना. माझा पहिला नियम असा की सेंटर त्याच्या मोठ्या फेस्टिव्हलवरून निवडायचं नाही. फेस्टिव्हलला सगळीच नटतात. २१ जूनला अलायन्समध्ये फेत द ला म्युझिक असतो, फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झालेला तो गाण्याबजावण्याचा दिवस, त्या दिवशी तिथे जी गर्दी आणि जो माहोल असतो तो बघून तुम्ही हुरळून जाल (आणि दिल्लीच्या जूनमध्ये घामाने निथळाल), पण फेब्रुवारीच्या एखाद्या साध्या मंगळवारी तिथे काय आहे ते बघा. महिन्याचं पत्रक काढा आणि त्यातून उद्घाटनं, कोर्सच्या जाहिराती, शाळेच्या मुलांचे वर्कशॉप आणि ऑनलाइन गोष्टी पेनाने खोडा. उरलं ते तुमचं. चार ओळी उरल्या तरी पुष्कळ.

या चाळणीत माझ्या हिशोबाने सर्वांतेस सगळ्यात वर राहतं, आणि हे मी जर्मन शिकलेली असून सांगतेय. हे स्पेनच्या सरकारचं, मूळ संस्था १९९१ ची, दिल्लीत २००९ पासून, हनुमान रोडला. कारण सोपं आहे, फिल्म. स्पॅनिश म्हटलं की नुसता स्पेन नसतो, अर्जेंटिना, मेक्सिको, चिली, कोलंबिया, पेरू, वीसएक देश एकाच भाषेत सिनेमे काढतात आणि त्यांच्या दूतावासांची पण मदत असते, त्यामुळे माल संपत नाही. बहुतेक शो फुकट, खाली इंग्रजी सबटायटल, तुम्हाला भाषेचं ओ की ठो येत नसलं तरी काही अडत नाही. हॉल काही भव्य नाही, पण प्रेक्षक बघण्यासारखे. एक पांढऱ्या दाढीचे सरदारजी आहेत, दर वेळी तिसऱ्या रांगेत कडेला, मांडीवर पिशवी, पिशवीत स्वतःची उशी, फिल्म सुरू झाली की ती पाठीशी लावतात आणि संपल्यावर नावं सरकत असताना शेवटच्या ओळीपर्यंत हलत नाहीत. मी आता त्यांच्याकडे बघून ठरवते, ते मध्येच उठले तर फिल्म खरंच वाईट. आजवर एकदाच उठलेत. तिथल्या लायब्ररीला सेनोबिया काम्प्रुबी यांचं नाव आहे, ज्यांनी टागोर स्पॅनिशमध्ये नेले, आणि २३ एप्रिलला पुस्तक दिवस असतो तेव्हा एक चक्कर मारायला हरकत नाही.

मॅक्सम्युलर याच्या बरोबर उलट. तिथे फिल्म असतात, सिद्धार्थ हॉलमध्ये, चांगल्या असतात, पण त्यांचा खरा जीव चर्चेत. शहर, हवामान, आर्काइव्ह, वसाहतवाद, साउंड आर्ट, काहीतरी डोक्याला खाद्य पाहिजे अशा लोकांचं ते ठिकाण. २०१९ मध्ये त्यांनी रक्स मीडिया कलेक्टिव्ह या दिल्लीच्या कलाकारांच्या गटाबरोबर फाइव्ह मिलियन इन्सिडंट्स म्हणून प्रकार सुरू केला होता, वर्षभर दिल्ली आणि कोलकात्यात कलाकारांचे छोटे छोटे प्रयोग, काही झकास आणि काही मला आजतागायत कळलेले नाहीत. तर अशी चव असेल तर जा, दिल्लीत याला तोड नाही. पण दिवसभर इतिहास आणि पॉलिटी घोकून आलेल्या मुलीला संध्याकाळी पुन्हा पॅनेल डिस्कशनला बसवायचं म्हणजे शिक्षाच, हे मी भाचीला स्पष्ट सांगितलं. तिची मैत्रीण आर्किटेक्चरची आहे, तिने मात्र डोळे मिटून हेच निवडावं. आणखी एक, बोलणं सगळं इंग्रजीत, आणि तेही जाडजूड इंग्रजीत.

अलायन्सचं काय. जागा सुंदर, लोधी इस्टेटमध्ये, झाडं आहेत, रोमाँ रोलाँ नावाची गॅलरी आहे, एम. एल. भारतीया ऑडिटोरियम आहे. चौघांत सगळ्यात जास्त 'संध्याकाळ घालवण्याचं' ठिकाण हेच, गॅलरीत चक्कर, एखादी मैफल, बाहेर गप्पा. पण पत्रक नीट वाचा, कारण तो हॉल बाहेरच्या संस्थाही वापरतात, म्हणजे अलायन्समध्ये आहे म्हणून फ्रेंच असेलच असं नाही, कथक असू शकतं, हिंदी नाटक असू शकतं, कुठल्यातरी एनजीओचा वार्षिक समारंभ पण असू शकतो. मला स्वतःला हे आवडतं, पण फ्रेंच म्हणून जाणाऱ्याचा पोपट होतो. शिवाय करोल बागेतून जायचं तर राजीव चौकला बदलून यलो लाइनने जोरबाग आणि पुढे रिक्षा किंवा पाय, आणि रात्री परत येताना लोधी इस्टेटचे ते लांबलचक रिकामे रस्ते. एकटी असशील तर सोबत बघ, असं मी तिला दोनदा बजावलं.

जपान फाउंडेशन हे चौघांत सगळ्यात शांत. लाजपत नगर ४, रिंग रोडवरच, मूलचंद मेट्रो. मूळ संस्था १९७२ ची. इथे गर्दी कमी, गाजावाजा कमी, आणि हाताने करायच्या गोष्टी जास्त, म्हणजे इकेबाना (फुलांची मांडणी), कॅलिग्राफी, कधी चहाचा विधी, फिरती प्रदर्शनं, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्सने भरलेली कपाटं. मी ब्रशने लिहायच्या एका वर्कशॉपला बसले होते तेव्हाची गोष्ट सांगते. झाड असं अक्षर काढायचं होतं, चारच फटकारे, आधी आडवा, मग उभा, मग डावीकडे आणि उजवीकडे एकेक फांदी. मी उभा काढला, फांद्या काढल्या आणि सगळ्यात शेवटी ऐटीत वरची आडवी मारली, बाईंनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा करून दाखवलं, मी पुन्हा तेच. पाच कागद गेल्यावर डोक्यात उजेड पडला की पहिलीपासून आपण आधी अक्षर आणि शेवटी शिरोरेघ अशी सवय लावून घेतलीय, हात ऐकतच नाहीये. शेजारी एक बंगाली मुलगा, त्याचंही तेच चाललेलं, आणि तमिळ मुलगी मात्र पहिल्या झटक्यात पास. असं काही फिल्म बघून नाही कळत. तोटा एवढाच की अशा वर्कशॉपच्या जागा मोजक्या, मेल आल्या आल्या नाव नोंदवावं लागतं, जेवून बघू म्हटलं की भरलं.

एक गोष्ट कोणी लिहीत नाही. घरचं माणूस दिल्लीत आलं असेल, ज्याला इंग्रजी सबटायटल वाचायला जमत नाहीत, तर हे सगळं गणित बदलतं. माझ्या सासूबाई दोन महिने होत्या, त्यांना एकदा फिल्मला नेलं आणि अख्खा वेळ कानात भाषांतर करत बसले, पुढच्या रांगेतल्या बाईने तीनदा मागे वळून बघितलं. नंतर मात्र अलायन्सला संगीत आणि जपानवाल्यांची फुलांची मांडणी, बस, दोन्हीकडे खूश. इकेबाना बघून म्हणाल्या, एवढी तीन फुलं लावायला पाऊण तास? आणि घरी येऊन देवघरातल्या तांब्यात तसंच करून बघितलं.

बाकी किरकोळ. कार्यक्रमाला सहसा मेंबर असावं लागत नाही, लायब्ररीचं वेगळं असतं, त्यामुळे आधी पैसे भरायची घाई नको. गेटवर बॅग तपासतात, आयडी जवळ ठेवा. फुकट आहे म्हणजे सीट आहे असा अर्थ होत नाही, एका सेंटरमध्ये (नाव नको) नोंदणीचा मेल दाखवूनही मी बाहेर उभी राहिलेय, अर्धा तास आधी पोचणं हाच उपाय. खरा सीझन ऑक्टोबर ते मार्च. आणि फक्त कार्यक्रमांसाठी म्हणून भाषेचा कोर्स लावू नका, कोर्स लावला की होमवर्कपायी कार्यक्रमच बुडतात, माझे बुडाले.

तर भाचीला मी सांगितलं, पहिले तीन महिने सर्वांतेस, ब्लू लाइनने थेट राजीव चौक, तिथून चालत, वर्कशॉपची मेल आली तर जपान, मॅक्सम्युलर परीक्षा झाल्यावर, अलायन्स कोणी सोबत असेल तेव्हा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पण मावशी, खायला कुठे काय मिळतं? तर मॅक्सम्युलरहून त्याच रस्त्याने सरळ इंडिया गेटकडे चालत सुटलं की नवीन महाराष्ट्र सदन लागतं, कँटीन बंद व्हायच्या आत पोचलात तर आपलं जेवण. आणि सर्वांतेसच्या जवळ हनुमान मंदिर, बाहेर मेंदीवाल्या बसलेल्या असतात, त्यांच्या पलीकडे कचोरी. फिल्मच्या आधी खा, नंतर उशीर होतो.