घरचं ऑक्सिजन मशीन, साडेसात महिने वापरल्यानंतर

मशीन आणायला गेलं की दुकानदार पहिलं हेच विचारतो, "किती महिन्यांसाठी हवंय?" त्याची काही चूक नाही, भाड्यानं द्यायचं का विकत हे त्याला बघायचं असतं, पण पेशंट समोर खुर्चीत बसलेला असला की सगळे एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागतात. आमचं तेच झालं. शेवटी हे म्हणाले, एक महिना नेऊन तर बघू.

पेशंट मीच. वय ६२, साताऱ्यात राहते, झेडपीच्या शाळेत ३१ वर्षं खडू खाल्ला. फुप्फुसाचा कॅन्सर, ॲडेनो प्रकार, स्टेज ४. विडी सिगारेट कधी नाही, हे आधीच सांगून टाकते कारण भेटायला येणारा प्रत्येकजण तोंडाने नाही तरी डोळ्यांनी विचारतोच. लग्नानंतर १५ वर्षं चुलीपुढे मात्र काढली. सुरुवातीला एक्सरे बघून चार महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, थुंकीत काही सापडलं नव्हतं तरी. मग छातीत पाणी झालं, दीड लिटर काढलं, तपासायला पाठवलं, त्यात कळलं. कॅन्सरच्या पेशींत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल (म्युटेशन) निघाला म्हणून रोज एक गोळी चालू आहे, तोंडावर पुरळ आलं, पायाच्या अंगठ्याची नखं सुजतात, त्यावर परत कधीतरी लिहीन.

कॅन्सर आहे म्हणून ऑक्सिजन लागतोच असं नाही हं. माझा रक्तातला ऑक्सिजन बसून ९३ टक्के असायचा पण बाथरूमपर्यंत जाऊन आले की ८५, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं, बसून आणि झोपताना मिनिटाला २ लिटर, चालताना ३, दिवसाला १६ तास धरून चाला. स्वतःच्या मनाने आकडा वाढवू नका असंही बजावलं.

शेजारच्या काकू अजून विचारतात "ह्यात गॅस कधी भरता?" भरायचा नसतो. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच, बाकी बहुतेक नायट्रोजन, मशीन हवा ओढतं, आत झिओलाईटचे दाणे असतात ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन नळीतून येतो. मग ते दाणे नायट्रोजन बाहेर सोडतात, तेव्हा दर थोड्या वेळाने फुस्स करतं. पहिले आठ दिवस त्या फुस्सने मला झोप नाही आली, आता लाईट गेली आणि ते थांबलं की जाग येते.

आता खरा मुद्दा. दुकानात सगळे लिटरबद्दल बोलतात, ५ का १०. माझ्यासारखीला ५ वालं भरपूर झालं. कुणी सांगत नाही ते म्हणजे नळीची लांबी. मशीनबरोबर २ मीटरची आली होती, म्हणजे मी खाटेला बांधलेली म्हैसच. दीड महिना तशी काढली, स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकायच्या आणि पडल्या पडल्या सूनबाईला सूचना द्यायच्या, बिचारीने ऐकून घेतलं. मग ७ मीटरची मागवली, जास्तीचा तुकडा दोनशेच्या आत मिळाला, आणि मी ओट्यापासून चार हात लांब खुर्ची टाकून भाजी निवडायला बसायला लागले, ओसरीपर्यंत जाते, परडीतली जास्वंद दिसते. फक्त लांब नळी लावल्यावर नाकाशी नीट येतंय का आणि ऑक्सिमीटर काय दाखवतो ते बघून घ्या. नातू नळीवर पाय देतो, मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे बंद झाले की समजायचं. येतंय का नाही शंका आली तर नळीचं नाकात घालायचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवायचं, बुडबुडे आले की येतंय.

गॅसजवळ मात्र अजिबात जात नाही आणि देवाचा दिवा हे मोठं प्रकरण झालं. ऑक्सिजन चालू असताना जवळ ज्योत नको, उदबत्ती नको. ४० वर्षं संध्याकाळी दिवा मी लावलाय. ह्यांनी बॅटरीवरचा प्लास्टिकचा दिवा आणला, मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आता देवघर वरच्या खोलीत नेलंय, खरा दिवा हे लावतात आणि मी खालून शुभंकरोती म्हणते, एका दमात होत नाही, तीनदा थांबते.

तसंच नाक कोरडं पडतं म्हणून जाऊबाईंनी तूप सोडायला सांगितलं होतं. तूप, तेल, व्हॅसलीन काही नको, ऑक्सिजनपाशी तेलकट वस्तू पेट घेऊ शकते. पाण्याच्या बेसचं जेल मिळतं ते लावते. कानामागे नळी काचते तिथे कापूस गुंडाळते. बाटलीत औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलायचं (हे एकदा इन्व्हर्टरच्या बॅटरीचं घेऊन आले होते, ते परत पाठवलं). मागचा जाळीचा फिल्टर दर शनिवारी धुवायचा, सुकवून मगच लावायचा.

तक्रारी आहेत. एक, गरम हवा फार सोडतं, मार्च लागल्यापासून खोली तापते, भिंतीपासून हातभर लांब ठेवलंय तरी. दोन, लाईट बिल. आमचं ३५० वॅटचं आहे, १६ तास म्हणजे दिवसाला साडेपाच युनिटच्या वर, महिन्याला १६५ ते १७० युनिट फक्त ह्याचं, त्यामुळे घराचं मिळून ३०० च्या पुढच्या स्लॅबमध्ये गेलो. तीन, सर्व्हिस. जानेवारीत पिवळा दिवा लागला, म्हणजे ऑक्सिजनचा टक्का उतरला, विकताना दिवसातून तीनदा फोन करणारा माणूस चार दिवस फोन उचलेना. घरात ऑक्सिजनचा बी टाईप सिलिंडर भरून ठेवलेला होता म्हणून निभावलं, १५०० लिटरचा असतो, २ वर ठेवला तर साधारण १२ तास जातो, तीनदा भरून आणावा लागला. आतला फिल्टर धुळीने चोंदला होता एवढंच निघालं, रस्त्याचं काम चालू आहे दारात. मशीन घ्याल तर सिलिंडर ठेवाच, नुसत्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका.

आणि एक, मशीनने दम पूर्ण जात नाही. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. आकडा ९४ दिसतो आणि तरी छाती भरून येते, मी घाबरून बोटाला ऑक्सिमीटर लावून तासतास बघत बसायचे, शेवटी मुलाने तो काढून कपाटात ठेवला, आता सकाळ संध्याकाळ दोनदाच. दम लागला की पुढे वाकून बसायचं, चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून हळू श्वास सोडायचा, आणि हातातला छोटा पंखा नाकागालावर धरायचा. दीडशे रुपयांचा पंखा, ह्या सगळ्या खरेदीत नंबर एक तोच, खरंच सांगते. रात्रीसाठी पॅलिएटिव्हच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या डॉक्टरांनी मॉर्फिनचा (फार दुखण्यावर देतात ते औषध) अगदी लहान डोस दिला, तो दमालाही चालतो. मुलगा नाव ऐकूनच पांढरा पडला होता, त्याला वाटलं झालं आता. बद्धकोष्ठ होतं, त्याचं औषध बरोबरच घ्यायचं, पण चार तास सलग झोप लागते, जी मला वर्षभर नव्हती.

अंघोळ स्टुलावर बसून, नळी दाराखालून, पाणी कोमट आणि दार किंचित उघडं कारण वाफेत कोंडतं. साडी सुटली, गाऊनवर आले. फोनवर लांब बोलवत नाही म्हणून हे असं टाईप करत बसते, टाईप करायला दम लागत नाही.

भाडं का विकत, हे सगळ्यांनाच ठरवायचं असतं म्हणून सांगते. आम्ही ऑगस्टमध्ये ५ हजार महिन्याने आणलं. दुसरा महिना संपताना हे रात्री वहीत काहीतरी लिहीत होते, मी विचारलं तर वही मिटली. सकाळी मीच उघडून बघितली. मशीनची किंमत ४६ हजार भागिले भाडं ५ हजार, खाली ९ आणि थोडं उरलेलं, त्याच्या खाली काही नाही, पान कोरं. म्हणजे नऊ महिन्यांच्या वर लागणार असेल तर विकत परवडतं. हिशोब बरोबर होता, उत्तर लिहायला हात धजला नव्हता त्यांचा. दुपारी मी दुकानात स्वतः फोन केला आणि नवीन मशीन सांगितलं, ३ वर्षांच्या वॉरंटीचं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आलं.

जुनं घेणार असाल तर मागे तासांचा मीटर असतो तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, कोविडमध्ये घेतलेली बरीच मशीनं पडून आहेत आणि पुसून नवी म्हणून दाखवतात. आमच्यावर आज २,७१४ तास झालेत. भाड्याच्या हिशोबाने किंमत वसूल व्हायला जुलै उजाडेल.