आठ महिने ओट्सचं पाणी: लेकीच्या इसबावरचा आमचा अनुभव

लेक सहा वर्षांची. दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब, दीड वर्षाची असल्यापासून. झोपेत इतकं खाजवायची की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. ऑगस्टपासून ओट्सचं पाणी आणि ओट्सचं बिनवासाचं क्रीम सुरू केलं, त्याला आता आठ महिने झाले.

आधी हळद-कडुलिंबाबद्दल सांगते, कारण पहिला सल्ला सगळीकडे तोच मिळतो. सासूबाई मायेनेच म्हणाल्या, "अगं, पाला वाट, चिमूटभर हळद घाल नि लाव." लावलं. दहा मिनिटांत पोर रडायला लागली, दुसऱ्या दिवशी चट्टे आणखी लाल. हळदीतलं कर्क्युमिन दाह कमी करतं हे प्रयोगशाळेत दिसलंय, पण ते पाण्यात विरघळत नाही आणि कातडीत फारसं मुरत नाही. शिवाय फुटलेल्या कातडीला कच्चा लेप झोंबतोच. हळदीचं अमेरिकी पेटंट शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ साली रद्द करवलं, याचा मलाही अभिमान आहे. पण ते पेटंट जखम भरण्याबद्दलचं होतं, इसबाबद्दलचं नव्हे.

ओट्सचं नाव त्वचेच्या डॉक्टरांनीच काढलं. साधे ओट्स घ्यायचे, मसाल्याचे नकोत. मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखे दळायचे. जमलं का ते बघायला एक चमचा पीठ पेलाभर पाण्यात ढवळायचं: पाणी दुधाळ झालं आणि पीठ लगेच तळाशी बसलं नाही, तर ठीक. माझं पहिलं दळण भरडच राहिलं होतं, सगळं खाली बसलं. आता चाळून घेते. अर्धी वाटी पीठ जुन्या पंच्यात बांधायचं, कोमट पाण्याच्या टबात पुरचुंडी पिळत राहायची. पाणी बुळबुळीत होतं, हाताला साय लागल्यासारखं वाटतं. लेकीला त्यात दहा मिनिटं बसवते, मग टॉवेलने नुसतं टिपून घेते, चोळत नाही, आणि अंग ओलसर असतानाच क्रीम लावते. न्हाणीघराची फरशी भयंकर निसरडी होते, पोराला एकटं सोडू नका.

ओट्समध्ये ॲव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्यं असतात. दाह भडकवणारे संकेत पेशींच्या आत ज्या एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनामार्फत जातात, त्यालाच ती आवर घालतात. ओट्समधलं बीटा-ग्लुकन, म्हणजे एक विरघळणारा तंतू, पाणी धरून ठेवतं. बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००३ साली त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली आहे.

आमच्याकडे पहिले दोन आठवडे काहीच फरक दिसला नाही. तिसऱ्या आठवड्यात खाज कमी झाली, आणि एके दिवशी चादर स्वच्छ निघाली. ती चादर हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. लालसरपणा मात्र हळूहळू, दिवाळीपर्यंत उतरला.

डिसेंबरात गावी गेलो. तिथे आठ दिवस टब नाही, वर कोरडी थंडी. इसब उसळला, चट्टे ओले झाले. तेव्हा ओट्सने काही भागलं नाही, डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड मलमच लावावं लागलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम त्याच्याच दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, हे माप त्यांनीच दाखवलं. पाच दिवसांत आग शमली. मलम बंद करून मी पुन्हा ओट्सवर आले. "नैसर्गिक आहे ना, मग स्टेरॉइड कशाला" असं म्हणून ते पाच दिवस मी पुढे ढकलले असते, तर सोसावं लेकीला लागलं असतं.

काही मुलांना ओट्सचीच ॲलर्जी असते. आम्ही आधी मनगटाच्या आत थोडंसं क्रीम लावून दोन दिवस वाट पाहिली होती. घरचं पीठ स्वस्त पडतं, क्रीम महाग आहे आणि आम्हाला महिन्याला मोठी ट्यूब लागते. सध्या टब आठवड्यातून तीनदा, क्रीम दोन वेळा, नखं दर रविवारी. कोपरांवर आता फक्त फिकट डाग उरलेत. डाव्या गुडघ्याच्या लवणीतला एक चट्टा अजून गेलेला नाही.