स्पॅनिशच्या अ‍ॅपचं एक वर्ष : फक्त व्याकरणापुरता अनुभव

गेल्या महिन्यात खात्यातून 3,600 रुपये गेले. स्पॅनिशच्या अ‍ॅपची वार्षिक वर्गणी आपोआप पुढे चालू झाली होती, आणि ती मी दोन दिवस आधीच बंद केली होती. चार ईमेल आणि नऊ दिवस गेल्यावर पैसे परत मिळाले. त्या नऊ दिवसांत रागारागाने वर्षभराच्या वह्या काढून बसले, त्यातून हे लिहिते आहे. धडे, स्ट्रीक, गुण हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

माझी तक्रार एकच. हे अ‍ॅप स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतं, आणि 'गुस्तार' (आवडणे) हे क्रियापद मराठी माणसाने इंग्रजीतून शिकणं म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी आहे. 'मे गुस्ता एल काफे.' अ‍ॅप सांगतं, हे वाक्य उलटं आहे, इथे कर्ता कॉफी आहे, लक्षात ठेवा. मी दोन आठवडे घोकलं आणि तरी चाचणीत 'यो गुस्तो' लिहून आले, कारण डोक्यात 'आय लाइक' बसलं होतं. मग एका संध्याकाळी आईने विचारलं, काय गं म्हणतेस हे? तिला मराठीत सांगायला गेले : मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. 'मे' म्हणजे मला. आंबे अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. यात उलटं काय आहे? आपण लहानपणापासून असंच बोलतो!

मग मी प्रत्येक धडा मराठीवर घासून बघायला लागले. 'वेओ उना कासा', पण 'वेओ आ मारिया'. मी घर बघते, पण मारियाला बघते. माणूस आला की आपल्याकडे 'ला' लागतो, तिथे 'आ'. अ‍ॅपने यासाठी अख्खा धडा खर्च केला होता. 'किएरो के वेंगास' म्हणजे तू यावंस अशी माझी इच्छा आहे. 'येतोस'चं 'विएनेस' इथे चालत नाही, 'यावंस'चं 'वेंगास'च लागतं. सहाव्या महिन्यात मी मैत्रिणींना ठामपणे सांगत होते, अ‍ॅपवर पैसे घालू नका, मराठी पुरते.

सातव्या महिन्यात 'क्वान्दो येगे आ कासा, ते यामो' समोर आलं. घरी पोचले की तुला फोन करते. पोचले! जे अजून घडलेलं नाही त्याला आपण भूतकाळाचं रूप देतो, स्पॅनिशला मात्र तिथे तेच 'वेंगास'च्या जातीचं रूप हवं. 'दुदो के वेंगा', तो येईल असं वाटत नाही : आपल्याकडे भविष्यकाळ. 'मे आलेग्रो दे के एस्तेस आकी', तू इथे आहेस याचा आनंद आहे : आपल्याकडे साधा वर्तमान. म्हणजे 'यावंस' फक्त इच्छेपुरतं उपयोगी पडलं, पुढे मराठी साथ देईना.

तिथे मला अ‍ॅपनेच तारलं. ऐकण्याचे सराव मी कंटाळवाणे म्हणून सोडले होते : अर्धं वाक्य ऐकवतात, उरलेलं आपण लगेच बोलायचं. रोज वीस मिनिटं तेच केलं. तीन महिन्यांनी 'क्वान्दो' म्हटलं की 'येगे' आपसूक येऊ लागलं, नियम आठवावा लागला नाही. त्यामुळे मैत्रिणींना दिलेला सल्ला मी मागे घेतला आहे.

'सेर' आणि 'एस्तार', दोन्हींचा अर्थ 'असणे', त्यांच्या धड्याला मात्र माफी नाही. कायमचं असेल तर 'सेर', तात्पुरतं असेल तर 'एस्तार', असं तिथे शिकवतात. मग मृत्यूसाठी 'एस्ता मुएर्तो' कसं? माद्रिद स्पेनमध्ये आहे, यालाही 'एस्तार'च. माझ्या वहीत लिहिलंय : काय आहे ते 'सेर', कसं आणि कुठे आहे ते 'एस्तार'. फक्त कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना पुन्हा 'सेर' : 'ला फिएस्ता एस एन मि कासा', पार्टी माझ्या घरी आहे.

मला डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी1, म्हणजे मधली पातळी द्यायची आहे. सिएले या दुसऱ्या स्पॅनिश परीक्षेचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, डेलेचं कायम राहतं, म्हणून एकदाच फी भरणार. तोपर्यंत 450 रुपयांचा मासिक प्लॅन घेतलाय, केवळ त्या ऐकण्याच्या सरावासाठी. या वेळी पैसे आपोआप कापण्याची परवानगी थेट बँकेतूनच बंद केली आहे. 'गुस्तार'चा धडा तुम्ही उघडूच नका, आधी वहीत 'मला आवडतं'ची दहा वाक्यं लिहून काढा.