छताचा पांढरा कोट: अख्खा उन्हाळा काढला, आता सांगतो

एसआरआय बिसआरआय (ऊन परतवून छत किती गार राहतं त्याचा आकडा) डब्यावर असतं ते तुम्ही वाचलेलंच असतंय, त्यात वेळ घालवत नाही. लातूर, वरचा मजला, दहा बाय बाराची खोली, वर पाच इंची स्लॅब. एसीचं बिल परवडत नाही आणि 2016 ला जिथं रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात कूलरमधे रोज बादल्या ओतायच्या म्हणजे जिवावर येतं, म्हणून मार्चमधे हा कोट मारून घेतला.

दुपारचा फरक लगेच कळला, गच्चीवर अनवाणी उभं राहता येऊ लागलं. पण रात्री नऊला खोली परत भट्टी! ठेकेदाराला फोन केला तर "स्लॅब म्हणल्यावर तापणारच की सर". दुसऱ्या हाताला त्यानं किती पाणी घातलं ते मी बघितलंय, ब्रश उचलला की धार लागायची. दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो.

मग वैतागून कागद घेतला. मेच्या दुपारी सपाट गच्चीवर चौरस मीटरला 900 ते 1000 वॅट ऊन पडतं, त्यातलं निम्म्याहून जास्त करडं सिमेंट पिऊन घेतं, आणि साध्या स्लॅबमधून या खोलीत हजाराच्या वर वॅट उतरतात. बसलेला माणूस धरा 100, पंखा 75. (पंख्यानं खोली गार होत नाही, त्याचे वॅट खोलीतच राहतात, गार वाटतं ते अंगाला. हे आमच्या घरी कोणी मानत नाही.) आणि स्लॅबचं वजन सव्वातीन टन! तो 1 अंश उतरायचा तर 0.8 युनिटच्या आसपास उष्णता सोडतो, थोडी आभाळात, थोडी आपल्या डोक्यावर. आई म्हणते माळवदात असलं कधी नव्हतं, बरोबरच आहे, तिथं मातीचा थरच एवढा जाड की ऊन आत पोचेपर्यंत रात्र सरायची.

पण कोट मारल्यावर एवढं कुठून येतंय? मित्राची तापमान बघायची गन आणून संध्याकाळी सातला सगळीकडं धरली तर छतापेक्षा पश्चिमेची भिंत जास्त तापलेली. मेच्या मध्यात आपल्याकडं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, तो मार छत खातं, पण तीननंतर ऊन थेट त्या भिंतीवर, आणि तिला काहीच लावलेलं नाही. उरलेला अर्धा डबा बाहेरून तिला फासला, रात्री दहाला झोप यायला लागली. म्हणजे माल चांगलाय, स्टार परत दिले.

आता खरी तक्रार. फुफाटा! पंधरा दिवसात पांढऱ्याचं खाकी होतं, आणि खाकी झालं की ऊन परतवणं कमी. खराट्यानं घासून धुवायला पाणी लागतं, म्हणजे पाणी वाचवायला घेतलेली वस्तू पाणीच मागते. हे डब्यावर कुठं लिहिलंय का? मी आता कपडे धुतलेलं पाणी वर नेतो, जिन्यानं, कंबर बोलते. थंडीत सकाळी खोली जरा जास्तच गार पडते ते वेगळं, पण आपल्याकडं थंडी असते किती.

मालाला चार, ठेकेदाराला अर्धा. वॉरंटी कार्ड "उद्या देतो" म्हणलाय, मार्चपासून.