‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’ एवढ्यावर औषधांचे पैसे भरू नका

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात, झटपट तपासणीच्या कार्डवर ‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’ (हिपॅटायटीस सी विषाणूची तपासणी पॉझिटिव्ह) येतं आणि लॅबमधलाच माणूस सांगतो, लिव्हरला व्हायरस लागलाय, बारा आठवड्यांचा कोर्स लगेच सुरू करा, आमच्याकडे पॅकेज आहे. घरचे घाबरून पैसे भरतात. यात खोटा रिपोर्टही बनवावा लागत नाही, अर्धी तपासणी पूर्ण म्हणून विकली की झालं.

कार्ड किंवा एलायझा ही लॅबमधली रक्ततपासणी शोधते अँटीबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं. विषाणू येऊन गेला तरी त्या वर्षानुवर्षं राहतात. लागण झालेल्यांपैकी साधारण 15 ते 45 टक्के लोकांचा विषाणू सहा महिन्यांत औषधाशिवाय जातो. त्यांचंही कार्ड रिॲक्टिव्हच येतं. शिवाय किटवर दिलेली वेळ उलटून गेल्यावर कार्ड वाचलं, तर उशिरा उमटलेली फिकट रेघही पॉझिटिव्ह धरली जाते. विषाणू आज रक्तात आहे का, हे एचसीव्ही आरएनए पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य (आरएनए) शोधणारी तपासणी, करूनच ठरवायचं.

इथेच दुसरी लबाडी होते. ‘व्हायरल लोड’चे (रक्तात विषाणू किती, या तपासणीचे) पैसे घेऊन रिपोर्टात नुसतं ‘8.6 पॉझिटिव्ह’ लिहून देतात. तो आकडा एस/सीओचा, म्हणजे नमुन्याचा सिग्नल कट-ऑफच्या (पॉझिटिव्ह धरण्याच्या मर्यादेच्या) किती पट आहे त्याचा. तपासणी अँटीबॉडीचीच! खऱ्या रिपोर्टवर पद्धत ‘आरटी-पीसीआर’ आणि किटची शोधमर्यादा छापलेली असते. निकाल एकतर ‘नॉट डिटेक्टेड’, नाहीतर 4,20,000 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर असा. शेजारी तोच आकडा लॉगमध्ये (दहाच्या घातात) 5.62 लिहितील, पण एकक सोडणार नाहीत. एकक नसेल तर मशीनचं प्रिंटआउट मागा.

सगळ्यात संतापजनक प्रकार कोर्सनंतरचा. पुन्हा अँटीबॉडी तपासून ‘अजून पॉझिटिव्ह’ म्हणत दुसरा कोर्स गळ्यात मारतात. बऱ्या झालेल्या माणसाचीही अँटीबॉडी पॉझिटिव्हच येणार. औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए सापडला नाही, की रुग्ण बरा.

हिपॅटायटीस सीवरचं औषध सोफोस्बुविर-वेल्पाटास्विर विषाणूच्या सगळ्या जीनोटाइपवर (उपप्रकारांवर) चालतं, त्यामुळे पहिल्यांदा उपचार घेणाऱ्याला महागडी जीनोटाइप तपासणी बहुधा लागत नाही. पॅकेजमधून नेमकी गळते ती हिपॅटायटीस बीची स्वस्तातली तपासणी, एचबीएसएजी. हिपॅटायटीस बी दडलेला असेल तर याच औषधांनी तो उसळू शकतो, म्हणून ही तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी झालीच पाहिजे. 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमाखाली नेमलेल्या सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा.